रात्रपाळीतील दंश : ग्रामीण रुग्णालयाच्या अपघात विभागातील तीन रुग्ण

कातळवाट

कोकणातील एका ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात मी अकरा वर्षे वैद्यकीय अधिकारी होतो. त्या काळातील तीन रुग्णांविषयी येथे सविस्तर लिहीत आहे. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि घरचे तपशील बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. तिघांनाही दंश झाला होता, आणि सुरुवातीला तिघेही फारसे आजारी वाटत नव्हते. त्या वेळी जे मत बनले ते तिघांच्याही बाबतीत पुढच्या तीन तासांत चुकीचे ठरले, आणि या लेखनाचे कारण तेच आहे.

पहिला रुग्ण चौदा वर्षांचा मुलगा. जुलै महिना, पहाटेचे पावणेपाच. पोटात कळा येत होत्या आणि घरी दोन उलट्या झाल्या होत्या. रात्रीच्या जेवणात आठळ्यांची भाजी होती, तीच बाधली असावी असे वडिलांचे म्हणणे होते. पोट मऊ होते, ताप नव्हता, नाडी आणि रक्तदाब व्यवस्थित होता. मी पोटदुखीचे इंजेक्शन लिहून दिले आणि मुलाला सकाळपर्यंत खाटेवरच राहू द्या असे सिस्टरांना सांगितले. अर्ध्या तासाने त्यांनी मला उठवले, कारण मुलाला पाजलेले पाणी नाकावाटे परत येत होते. आई म्हणत होती की त्याला झोप अनावर झाली आहे. जवळ जाऊन पाहिले तर तो झोपलेला नव्हता. त्याच्या पापण्या खाली आल्या होत्या आणि त्या उचलण्यासाठी तो कपाळाला आठ्या घालत होता. उशीवरून मान उचलायला सांगितली, तर ती उचलली गेली नाही. अंगावर दंशाची खूण कोठेही सापडली नाही. मग जो प्रश्न पावणेपाचलाच विचारायला हवा होता, तो मी सव्वापाचला विचारला : रात्री हा कोठे झोपला होता? उत्तर आले, पडवीत, जमिनीवर, चटईवर.

मण्यार रात्री चावते, तिचे दात बारीक असतात, आणि झोपलेल्या माणसाला पुष्कळदा जागही येत नाही. पहाटे पोटदुखी आणि उलटी, मग गिळता न येणे, पापण्या उतरणे, मान लुळी पडणे आणि शेवटी श्वास थांबणे, असा हा क्रम आहे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाची पहाटेची पोटदुखी ही मण्यारदंश नाही असे सिद्ध होईपर्यंत मण्यारदंशच समजावी, हे वाक्य मी शिकताना वाचलेले होते. वाचलेले वाक्य पहाटे पावणेपाचला आठवत नाही, म्हणून नंतर ते मी कॅज्युअल्टीच्या (अपघात विभागाच्या) टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवले.

एएसव्हीच्या (सापाच्या विषावरील प्रतिविषाच्या, ज्याला लोक लस म्हणतात) दहा वायल म्हणजे कुप्या दिल्या, स्नायूंना बळ यावे म्हणून निओस्टिग्मिन आणि अ‍ॅट्रोपिन देऊन पाहिले, तरीही साडेसहापर्यंत त्याचा श्वास उथळ झाला. श्वासनलिकेत नळी घातली. आमच्याकडे त्या वेळी व्हेंटिलेटर नव्हता. १०८ रुग्णवाहिकेतून सत्तर किलोमीटरवरच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत सिस्टर आणि मुलाचे वडील आळीपाळीने अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबत होते. पोहोचल्यावर बाहुल्या विस्फारलेल्या, प्रकाशाला प्रतिसाद नाही, कोणतीही हालचाल नाही. तेथील एका तरुण डॉक्टरांनी वडिलांना सांगितले की आता मेंदूत काही उरलेले नाही. सुदैवाने विभागातील वरिष्ठांनी ते मानले नाही. सहाव्या दिवशी बोटे हलली, आणि तेराव्या दिवशी मुलगा चालत घरी गेला. वडिलांना काय सांगितले गेले ते त्याने स्वतः ऐकले होते, असे त्याने नंतर मला सांगितले.

दुसरी रुग्ण सहा वर्षांची मुलगी. भाताच्या पेंढ्याच्या उडवीजवळ खेळताना विंचू चावला. गावात एकाने विंचू उतरवला आणि वेदना थांबल्या, त्यामुळे घरच्यांना हायसे वाटले होते. दोन तासांनी तिला उलट्या सुरू झाल्या म्हणून आणले. ती रडत नव्हती. अंग घामाने थबथबलेले होते, हातपाय मात्र बर्फासारखे गार होते, आणि नाडी १५० च्या पुढे होती. तांबड्या विंचवाच्या दंशात नुसती तीव्र वेदना असेल आणि बाकी काही नसेल, तर ते एकंदरीत चांगले लक्षण आहे. वेदना कमी आणि घाम, उलट्या, गारठा जास्त असेल तर भीती बाळगावी. या विषाने शरीरातील अ‍ॅड्रेनॅलिनसारखी द्रव्ये एकदम सुटतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर प्रचंड ताण येतो आणि फुफ्फुसात पाणी भरते.

या ठिकाणी महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्या कामाचा उल्लेख कृतज्ञतेने करायला हवा. रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी विंचूदंशात जीव वाचवते, हे त्यांचे निरीक्षण १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ही गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करते, म्हणजे विषाच्या परिणामाच्या नेमके उलट काम करते. त्यापूर्वी कोकणात अशी मुले फुफ्फुसात पाणी भरून डोळ्यांदेखत जात असत. तालुक्याच्या गावी, हाताशी असलेल्या साधनांनी केलेल्या संशोधनाने जगभरचे उपचार बदलले, याचा मला महाराष्ट्रातला डॉक्टर म्हणून अभिमान वाटतो. डॉ. हिंमतराव यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

मुलीला वजनाच्या प्रत्येक किलोला ३० मायक्रोग्रॅम या प्रमाणात प्राझोसिन तोंडावाटे दिले, आणि हातपाय गरम व कोरडे होईपर्यंत दर तीन तासांनी तोच डोस दिला. सांगताना हे सोपे वाटते. पण त्या रात्री आमच्या कपाटात साधी गोळी संपलेली होती आणि समोरच्या मेडिकलमध्ये फक्त हळूहळू विरघळणारी, दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी होती. ती येथे उपयोगाची नाही. तिचे तुकडे करून देणे तर धोक्याचे आहे. चाळीस मिनिटांनी शेजारच्या गावातील खाजगी डॉक्टरांकडून साधी गोळी आली. त्या चाळीस मिनिटांत मी तिच्या छातीवरचा स्टेथोस्कोप काढला नाही. पहाटे तिचे तळपाय कोमट लागले.

तिसरे रुग्ण पंचेचाळीस वर्षांचे शेतकरी. लावणीच्या वेळी बांधावर पायाला काहीतरी चावले. पोटरीला सुंभ घट्ट आवळलेला होता, आणि सोबतच्या पिशवीत मारलेले जनावर होते, पण त्याचे डोके इतके ठेचलेले होते की ओळख पटेना. रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी केली, म्हणजे नळीत वीस मिनिटे ठेवलेले रक्त गोठते का ते पाहिले; रक्त गोठले. पाय थोडा सुजला होता. त्यांना घरी जायचे होते, कारण लावणीला आलेल्या माणसांची मजुरी चालू होती. मी त्यांना जवळजवळ भांडून ठेवून घेतले. तासाभराने चाचणी पुन्हा केली, रक्त गोठले. तिसऱ्या तासाच्या चाचणीत नळी तिरकी केली आणि रक्त पाण्यासारखे वाहिले. त्याच वेळी त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. घोणस होती; तिचे विष रक्त गोठू देत नाही.

एएसव्ही सुरू केल्यावर काही मिनिटांतच अंगाला खाज, उलटी आणि रक्तदाब खाली. सलाइन थांबवले, मांडीत अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनॅलिन दिले, आणि रक्तदाब सावरल्यावर एएसव्ही पुन्हा हळू सुरू केली. ज्या औषधाने जीव वाचणार त्याच औषधाने रुग्ण समोर कोसळतो, आणि तरीही ते पुन्हा चालू करावे लागते; नवख्या डॉक्टरला नातेवाइकांच्या गराड्यात हे करणे किती अवघड जाते ते मी पाहिले आहे. पुढे तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली आणि त्यांना डायलिसिससाठी पाठवावे लागले. पाच वेळा डायलिसिस झाल्यावर मूत्रपिंडे सावरली.

अपघात विभागात काम केलेल्या डॉक्टरांनी, परिचारिकांनी आणि अशा प्रसंगातून गेलेल्या नातेवाइकांनीही आपले अनुभव याच धाग्यावर खाली लिहावेत, अशी विनंती आहे.

औक्षण

डॉक्टरसाहेब, मी बावीस वर्षे स्टाफ नर्स आहे, त्यातली चौदा कॅज्युअल्टीत. वीस मिनिटांच्या चाचणीविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ही चाचणी काचेच्या, कोरड्या आणि स्वच्छ नळीतच करावी लागते. काचेच्या पृष्ठभागामुळे रक्त गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लॅस्टिकच्या नळीत निरोगी माणसाचे रक्तसुद्धा वेळेत गोठले नाही असे होऊ शकते. तीच गोष्ट साबणाच्या पाण्याने धुतलेल्या नळीची. आमच्याकडे पूर्वी नळ्या धुऊन पुन्हा वापरत असत, आणि एकदा लागोपाठ तीन रुग्णांचे रक्त ‘गोठत नाही’ असे निघाले. तिघांनाही सूज नव्हती, रक्तस्राव नव्हता. शेवटी मी स्वतःचे रक्त त्या नळीत घालून पाहिले, तेही गोठले नाही. त्या दिवसापासून नव्या काचेच्या नळ्यांचा डबा मी औषधांच्या कपाटात कुलपात ठेवू लागले. नळीला वीस मिनिटे हात लावायचा नाही हेही नव्या नर्स मुलींना सांगावे लागते, कारण मध्येच हलवून बघण्याचा मोह होतो.

एएसव्हीची पावडर विरघळवणे हे दुसरे काम, ज्याचा विचार पुस्तकात कोणी करत नाही. एका वायलमध्ये दहा मिलि पाणी घालून ती तळहातांत हलकेच फिरवत राहायची. घाईने जोरात हलवली की फेस होतो आणि औषध वाया जाते. दहा वायल एकट्या परिचारिकेने करायच्या म्हटले तर बराच वेळ जातो, म्हणून आम्ही वॉर्डातील मावशींनाही ते शिकवले आहे. मी पहिली वायल फोडते तेव्हा दुसरी त्यांच्या हातात असते.

सुजेची कड बॉलपेनने आखून शेजारी वेळ लिहावी. रात्रपाळी संपताना दुसरी सिस्टर येते तेव्हा तिला ‘सूज वाढली का’ हे विचारण्याची गरज पडत नाही, रुग्णाच्या पायावरच उत्तर लिहिलेले असते.

शीतलवारा

मी भूलतज्ज्ञ आहे आणि पुण्यात अतिदक्षता विभागात काम करतो. पहिल्या रुग्णाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण त्या मुलाने ऐकलेले वाक्य माझ्या मनातून जात नाही.

मण्यारीचे विष मज्जातंतूच्या टोकावरच हल्ला करते. स्नायूंना आज्ञा पोहोचवणारे रसायन तेथून बाहेर पडणेच बंद होते, आणि ती टोके पुन्हा तयार व्हायला दिवस जातात. नागाचे विष पलीकडे, स्नायूवरच्या ग्राहकांना अडवते. म्हणून निओस्टिग्मिनने नागदंशाचा रुग्ण काही मिनिटांत डोळे उघडतो, आणि मण्यारदंशाचा रुग्ण सहसा उघडत नाही. मण्यारीच्या विषाने डोळ्यांचे स्नायूसुद्धा लुळे पडतात, त्यामुळे बाहुल्या मोठ्या आणि स्थिर होतात. मेंदू मात्र शाबूत असतो. रुग्णाला ऐकू येते, स्पर्श कळतो, वेदना होतात, आणि तो बोटही हलवू शकत नाही. विषबाधेमुळे असे झाले असण्याची शक्यता असेल, तोवर मेंदूमृत्यूच्या चाचण्या लावायच्याच नाहीत, हा नियम प्रत्येक निवासी डॉक्टरला पहिल्याच आठवड्यात सांगायला हवा.

यातून पुढची कर्तव्ये येतात. अशा रुग्णाला झोपेचे आणि वेदनेचे औषध द्यावे, बुबुळ कोरडे पडू नये म्हणून डोळे मिटून त्यावर चिकटपट्टी लावावी, आणि त्याच्याशी बोलत राहावे. ‘तू सापाच्या विषाने हलू शकत नाहीस, हे तात्पुरते आहे, यंत्र तुझ्यासाठी श्वास घेत आहे’ हे मी दर पाळीला मोठ्याने सांगतो. खाटेजवळ राऊंडला काय बोलायचे याचेही भान ठेवावे लागते.

अँबू बॅग दाबणाऱ्या वडिलांचे मला फार कौतुक वाटते. नातेवाइकांना हे काम देताना घाई करू नका असे सांगावे लागते, कारण भीतीने माणूस भराभर दाबत सुटतो. पाच-सहा सेकंदांनी एक श्वास, छाती वर आलेली दिसेल इतकाच, आणि थकण्यापूर्वी माणूस बदलायचा. हवा आणि हात एवढ्यावर मण्यारदंशाचा रुग्ण सत्तर किलोमीटर जाऊ शकतो. गावाकडे जे दगावतात त्यांतले कितीतरी केवळ वाटेत कोणी श्वास न दिल्यामुळे दगावतात, असे माझे ठाम मत आहे.

पैनकाठ

मी विदर्भात फिजिशियन आहे. आमच्याकडे पावसाळ्यात सर्पदंशाच्या शेजारच्या खाटेवर कीटकनाशकाच्या विषबाधेचा रुग्ण असतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा हा प्रश्न सर्वांना कळला. तो आमच्यासाठी दरवर्षीचा आहे.

कातळवाट यांनी मान उचलायला सांगितल्याचे लिहिले आहे, त्याच तपासणीविषयी मला सांगायचे आहे. ऑर्गनोफॉस्फेट या प्रकारच्या कीटकनाशकाच्या विषबाधेत पहिल्या दिवशी लाळ, घाम, बारीक बाहुल्या, छातीत घरघर असते. अ‍ॅट्रोपिन दर पाच मिनिटांनी दुप्पट करत छाती मोकळी होईपर्यंत दिले की रुग्ण सुधारतो, नातेवाईक आनंदतात, आणि आपलाही जीव भांड्यात पडतो. त्यानंतर २४ ते ९६ तासांच्या दरम्यान काही रुग्णांचे स्नायू नव्याने दुबळे पडू लागतात. अ‍ॅट्रोपिनचा त्यावर काही उपयोग होत नाही. पहिली ताकद जाते ती मान उचलण्याची. म्हणून बऱ्या होत असलेल्या प्रत्येक रुग्णाला आम्ही दर दोन तासांनी उशीवरून मान उचलायला लावतो आणि किती सेकंद धरली ते लिहितो. हात धरून चालत शौचाला गेलेला माणूस तिसऱ्या रात्री झोपेत श्वास थांबून गेलेला मी पाहिला आहे. त्याच्या कागदांवर शेवटची नोंद ‘प्रकृती स्थिर’ अशी होती.

याच विषबाधेवरच्या प्रॅलिडॉक्सिम या औषधाबद्दल दुमत आहे. बारामतीत झालेला आणि २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अभ्यास सतत मोठ्या मात्रेत दिल्यास फायदा दाखवतो, २००९ मधला श्रीलंकेतील अभ्यास तसा फायदा दाखवत नाही. मी लवकर आलेल्या रुग्णाला देतो, पण त्यावर भिस्त ठेवत नाही. भिस्त अ‍ॅट्रोपिनवर आणि मानेवर.

बोरीबंधारा

मी डॉक्टर नाही, माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. आमच्या भागात आजही ‘साप चावला’ असे म्हणत नाहीत, ‘पान लागलं’ म्हणतात. सात वर्षांपूर्वी माझ्या चुलत्यांना पान लागले तेव्हा शेजाऱ्यांनी ब्लेडने जखम कापली, वर दोरी बांधली आणि आधी देवळात नेले. रुग्णालयात पोहोचेपर्यंत कापलेल्या जागेचे रक्त थांबत नव्हते. ते वाचले, पण पायाची तीन बोटे गेली. त्यासाठी मी आजही स्वतःला दोष देतो, कारण मी तेथे होतो आणि मला काहीच माहीत नव्हते.

मला तीन प्रश्न आहेत. घरच्यांनी नेमके काय करावे? दोरी आधीच बांधलेली असेल तर ती सोडावी का? आणि लस देण्यापूर्वी टोचून चाचणी का घेतली नाही, असा आक्षेप काही नातेवाईक घेतात, त्यात तथ्य आहे का?

कातळवाट

सर, तुमच्या चुलत्यांच्या बाबतीत तुम्ही त्यांना शेवटी रुग्णालयात नेले, हे विसरू नका.

घरच्यांनी रुग्णाला चालू देऊ नये, धावू तर मुळीच देऊ नये. चावलेला हात किंवा पाय हाड मोडल्यावर बांधतात तसा फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा. अंगठी, जोडवी, पैंजण, बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. जोडवी अडकून बोट काळे पडलेले मी पाहिले आहे. कापू नये, चोखू नये, बर्फ किंवा पाला लावू नये. १०८ ला फोन करावा, आणि गाडीला वेळ लागणार असेल तर मोटारसायकलवर रुग्णाला मध्ये बसवून, मागे एक माणूस धरून, निघावे. निघण्यापूर्वी त्या रुग्णालयात एएसव्ही आणि डॉक्टर दोन्ही आहेत का हे फोनवर विचारावे, कारण चुकीच्या दिशेने गेलेला अर्धा तास भरून येत नाही. सरकारी रुग्णालयात एएसव्ही विनामूल्य मिळते.

आवळून बांधलेली दोरी घरी किंवा वाटेत एकदम सोडू नये. तिच्याखाली अडकलेले विष एकाएकी अंगात जाऊन रुग्ण दारातच कोसळू शकतो. आम्ही शिरेत सुई घालतो, एएसव्ही आणि श्वासाची साधने तयार ठेवतो, आणि मग दोरी सोडतो.

त्वचेवर टोचून घेतलेली चाचणी प्रतिक्रिया कोणाला येईल ते सांगू शकत नाही आणि वेळ मात्र खाते, त्यामुळे ती करू नये असेच मार्गदर्शक सूचना सांगतात. नातेवाइकांचा आक्षेप मी समजू शकतो, कारण पूर्वी पेनिसिलिनच्या वेळी सगळीकडे ती पाहिलेली असते. मी त्यांना आधीच सांगतो की औषध सुरू झाल्यावर खाज किंवा उलटी होऊ शकते, त्यावरचे इंजेक्शन माझ्या हातात भरून तयार आहे. हे दोन मिनिटांचे बोलणे पुढची मारामारी टाळते.

देवराईकाठ

सर्पमित्र म्हणून सतरा वर्षे काम करतो. मारलेला साप पिशवीत आणण्याबद्दल लिहिले आहे म्हणून सांगतो. साप मारायला जाणाऱ्यालाच दुसरा दंश होतो, असे दोन प्रसंग मी स्वतः हाताळले आहेत. ताजे तुटलेले डोकेही चावू शकते. सुरक्षित अंतरावरून मोबाइलवर फोटो मिळाला तर घ्यावा. मिळाला नाही तर तसेच निघावे, कारण आपल्या देशातली एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून बनवलेली असते. कोणता साप ते न कळल्यामुळे उपचार अडत नाहीत.

मात्र सह्याद्रीत चापडे (पिट व्हायपर) हेही विषारी साप आहेत, आणि त्यांच्या विषाचा समावेश या लशीत नाही. सूज येते, वेदना होतात, क्वचित रक्त गोठण्यावर आणि मूत्रपिंडावर परिणाम होतो. अशा वेळी फोटोचा उपयोग होतो, कारण वायलवर वायल देऊन उपयोग नाही हे डॉक्टरांना कळते. दुसरे असे की देशातील एएसव्हीसाठी लागणारे विष दीर्घकाळ मुख्यत्वे तमिळनाडूतील इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येत आले आहे. दक्षिणेकडच्या सापाचे विष आणि आपल्याकडच्या सापाचे विष एकाच जातीत असूनही सारखे नसते. आपल्या भागातील सापांच्या विषावर आधारित लस हवी, ही मागणी आम्ही संमेलनांत अनेकदा केली आहे.

शीतलवारा

देवराईकाठ यांच्या शेवटच्या मुद्द्याशी सहमत आहे. परंतु लस कमी पडते असे वाटले की वायलींची संख्या वाढवत नेण्याची सवय आपल्या डॉक्टरांना आहे, तिच्याबद्दल मी नाराजी नोंदवतो. मज्जासंस्थेवरील विषबाधेत वीस, आणि रक्तावरील विषबाधेत तीस वायलींपलीकडे सहसा जाऊ नये. लुळा पडलेला मण्यारदंशाचा रुग्ण आणखी दहा वायलींनी उठत नाही; तो व्हेंटिलेटरने आणि काळजीने उठतो. त्याच वेळी जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला पहिल्या दहा मिळालेल्या नसतात. कातळवाट, तिसऱ्या रुग्णाला एएसव्हीपूर्वी त्वचेखाली पाव मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनॅलिन तुम्ही का दिले नाही? २०११ मध्ये श्रीलंकेत हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या अभ्यासात त्याने तीव्र प्रतिक्रिया कमी झाल्या होत्या, आणि हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रोमेथाझिन या प्रतिक्रिया टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांचा तसा उपयोग दिसला नव्हता.

कातळवाट

आपला आक्षेप योग्य आहे. त्या रात्री मी हायड्रोकॉर्टिसोन दिले होते आणि अ‍ॅड्रेनॅलिन दिले नव्हते, कारण मला तेव्हा तीच सवय होती. हिरड्यांतून रक्त येणाऱ्या रुग्णाला अ‍ॅड्रेनॅलिनने रक्तदाब चढून मेंदूत रक्तस्राव होईल, ही भीतीही होती. पुढे त्वचेखालचा छोटा डोस मी नियमाने देऊ लागलो, फक्त वृद्ध आणि हृदयविकाराच्या रुग्णांत हात आखडता घेतला. वायलींच्या संख्येबाबतही आपले म्हणणे मला पटते. लहान मुलाला मोठ्याइतकीच मात्रा लागते, कारण साप वजन पाहून विष सोडत नाही. पण याचा अर्थ मोठ्यांना अमर्याद द्यावी असा होत नाही.

विंचवाच्या लशीबद्दल एका सदस्याने व्यक्तिगत निरोपातून विचारले आहे. बावस्कर दांपत्याचाच २०११ मधला ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकातील अभ्यास आहे. ७० रुग्णांपैकी निम्म्यांना प्राझोसिनसोबत विंचूप्रतिविष दिले. दहा तासांत पूर्ण बरे झालेले त्या गटात ३५ पैकी ३२ होते, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८. म्हणजे उपलब्ध असेल तर दोन्ही द्यावे. प्रतिविष उपलब्ध नसेल तर प्राझोसिन देण्यात मिनिटभराचाही उशीर करू नये.

औक्षण

एक प्रश्न सर्वांनाच विचारते. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि सर्पदंशाची नोंद बंधनकारक करावी असे राज्यांना कळवले. आमच्या नोंदवहीत मात्र मोठ्या रुग्णालयाकडे पाठवलेल्या रुग्णाच्या नावापुढे ‘रेफर’ एवढाच शब्द असतो. तो वाटेत गेला की घरी परतला हे आम्हाला कधी कळत नाही. शंका आली तरी शिकायला काही मिळत नाही. तुमच्याकडे काय पद्धत आहे?

पैनकाठ

आमच्याकडेही लेखी पद्धत नाही. पाठवताना मी नातेवाइकाचा मोबाइल क्रमांक घेतो आणि तिसऱ्या दिवशी स्वतः फोन करतो. रेफर चिठ्ठीवर चार गोष्टी असल्याच पाहिजेत असा आग्रह धरतो : दंशाची वेळ, पहिल्या वायलची वेळ, वीस मिनिटांच्या चाचणीच्या प्रत्येक वेळी आलेला निकाल, आणि दोरी कधी सोडली. पुढच्या डॉक्टरला हे मिळाले नाही तर तो पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करतो, आणि कधी कधी वायलीही पुन्हा पहिल्यापासून देतो.

कातळवाट

सिस्टर, आम्ही त्या मुलानंतर एक साधी वही ठेवली होती. पाठवलेला रुग्ण, फोन केल्याची तारीख, काय झाले. बहुतेक फोन सिस्टरच करत, कारण नातेवाईक त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत. मी तेथे असेपर्यंत त्या वहीची १४२ पाने भरली. माझी बदली झाली तेव्हा ती मी नव्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हातात दिली, आणि काचेखालचा कागदही तेथेच राहू दिला. गेल्या जुलैत त्यांचा फोन आला होता. पहाटे चारला पोटदुखी घेऊन एक बाई आल्या होत्या, जमिनीवर झोपलेल्या, आणि पापण्या उतरण्यापूर्वीच त्यांना व्हेंटिलेटरच्या गाडीतून पुढे पाठवले होते. त्या नवव्या दिवशी घरी गेल्याची नोंद त्यांनी मला वाचून दाखवली.